एकाच व्हॉल्व्हवर उभा रेडिओ

दुसऱ्या महायुद्धातला टेलिफुंकेनचा ई 52 हा जर्मन रिसीव्हर, टोपणनाव ‘क्योल्न’, उघडून पाहिला की रेडिओ दुरुस्त करणारा माणूस चक्रावतो. वीजपुरवठ्याचा भाग सोडला तर आत दहा व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणाऱ्या निर्वात काचेच्या नळ्या), आणि दहाही एकाच जातीचे: आरव्ही12पी2000. त्या काळच्या घरगुती रेडिओत मिक्सरचा, म्हणजे स्टेशनची लहर संचातल्या लहरीत मिसळणारा, व्हॉल्व्ह वेगळा, स्पीकर हाकणारा दणकट गडी वेगळा. इथे अँटेनाचा क्षीण सिग्नल वाढवणारा आणि शेवटी हेडफोनला आवाज देणारा एकच.

यामागचं कारण अगदी व्यवहारी. आघाडीवरच्या दुरुस्तीवाल्याला दहा प्रकारचे सुटे भाग वागवायला लागू नयेत. एकच खोका विमानाच्या संचालाही चालावा, लष्कराच्या संचालाही.

हा व्हॉल्व्ह जेमतेम अंगठ्याएवढा. हीटरला 12.6 व्होल्ट आणि 75 मिलीअँपिअर, म्हणजे एक वॉटसुद्धा नाही. दोन एकामागे एक जोडले की विमानातल्या 24 व्होल्टच्या पुरवठ्यावर बिनतक्रार चालतात. बसवण्याची तऱ्हा मात्र उलटी. काचेचं टोक खाली करून तो सॉकेटमध्ये पुरता बुडवायचा. वर दिसते ती त्याच्या बुडाची घुंडी, ती धरून उपसायचा. ग्रिडची, म्हणजे सिग्नल जिथून आत जातो त्या जाळीची, जोडणी काचेच्या टोकाला आणि बाकीच्या बुडाशी. त्यामुळे वाढवलेला सिग्नल मागे फिरून आत शिरत नाही आणि संच शिट्ट्या मारत नाही.

अर्थात फुकट काही मिळत नाही. मिक्सर म्हणून असा पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) खास बनवलेल्या बहुग्रिड व्हॉल्व्हपेक्षा कमी खरखर करतो, हा फायदाच. पण स्पीकर दणाणून सोडण्याची ताकद त्याच्यात नाही. लष्करी ऑपरेटर कानाला हेडफोन लावूनच बसायचा, म्हणून ते खपून गेलं.

माझ्या मते या संचांची खरी कमाल व्हॉल्व्हमध्ये नाही, भोवतालच्या कामात आहे. 10 मेगाहर्ट्झवर ऑसिलेटर, म्हणजे संचात स्वतःची लहर तयार करणारा भाग, एक दशसहस्रांश जरी सरकला तरी फरक 1 किलोहर्ट्झचा. फिल्टर काही शे हर्ट्झचा लावला असेल तर मोर्सची पिपाणी ऐकू येणंच बंद. संच तापला की कॉइल आणि कंडेन्सर किंचित बदलतात, त्यातून हे घडतं. चांगले स्थिर कंडेन्सर अभ्रकाचे असत, आणि उत्तम अभ्रक मुख्यतः आपल्या बिहार-मद्रासकडून जगभर जायचं. जर्मनीला ते पुरेसं मिळण्याची शाश्वती नव्हती. मग थुरिंगियातल्या हेर्म्सडोर्फच्या कारखान्यांनी कंडेन्सरसाठी चिनी मातीच्या जातीची खास सिरॅमिक्स काढली. एकाची क्षमता उष्णतेने वाढते, टायटॅनियम ऑक्साइडवाल्या दुसऱ्याची घटते. दोन्ही हिशेबाने एकत्र जोडली की सरकणं एकमेकांत जिरतं. टंचाईतून निघालेला उपाय अभ्रकापेक्षा सरस निघाला, कारण अभ्रकात असं उलट्या दिशेने बदलणारं काही नसतं.

ई 52 ची मध्यम वारंवारता होती 1 मेगाहर्ट्झ. येणारं प्रत्येक स्टेशन आधी अशा एका ठरावीक वारंवारतेवर आणून मग वाढवणारा संच म्हणजे सुपरहेट. त्यात हव्या स्टेशनबरोबर एक खोटं स्टेशनही डोकावतं, या वारंवारतेच्या दुप्पट अंतरावर. नेहमीच्या 455 किलोहर्ट्झच्या संचात ते 910 किलोहर्ट्झ दूर बसतं, इथे 2 मेगाहर्ट्झ दूर. लघुलहरींच्या वरच्या टोकाला, संचाची मजल 25 मेगाहर्ट्झपर्यंत होती, या अंतराने फार फरक पडतो. डायलही न्याराच: काचेच्या चकतीवरचे बारीक आकडे दिव्याच्या उजेडात भिंगातून मोठे होऊन पडद्यावर उमटतात. आतले भाग ओतीव धातूच्या चौकटीत, सोल्डर न तोडता अख्खे उपसता येणारे.

पाठीवर वाहायचा ‘टोर्निस्टर एम्फेंगर बर्टा’ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. चार व्हॉल्व्ह, सुपरहेटसुद्धा नाही. फिरत्या ड्रमवर आठ पट्ट्यांच्या कॉइल, आणि फीडबॅकची, म्हणजे वाढवलेला सिग्नल थोडा परत आत सोडण्याची, खुंटी हळूच फिरवत संच शिट्टी मारण्याच्या काठावर आणायचा. नवख्याच्या हातात तो चिडखोर वाटतो. पण कसलेला ऑपरेटर त्यावर फार दुबळा मोर्सही टिपायचा, तोही दोन व्होल्टच्या अ‍ॅक्युम्युलेटरवर.

एवढं कौशल्य असूनही क्योल्न आला युद्धाच्या उत्तरार्धात, आणि तो बनवणं किचकट. शत्रूचे संदेश चोरून ऐकण्यासाठी रिसीव्हर तर भराभर हवे होते. कोर्टिंग कंपनीने सरळ अमेरिकेच्या नॅशनल कंपनीच्या एचआरओ या रिसीव्हरची जर्मन नक्कल केली, केएसटी नावाने. तिकडे ब्रिटिशांच्या चोरून ऐकण्याच्या केंद्रांवर मूळ एचआरओच जर्मनांचे मोर्स संदेश टिपत होते.