जू आणि ‘योक’: भाऊबंद आहेत, बापलेक नाहीत

खान्देशात बैलांच्या मानेवर जे जू असतं, त्याला इंग्रजीत ‘योक’ म्हणतात. हा ‘योक’ संस्कृत ‘युग’चा (इथे अर्थ जू) अपभ्रंश, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नातं खरं आहे, पण दिशा चुकीची.

दोघांचं मूळ *युगोम, संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरेंच्या सामाईक पूर्वज भाषेतलं (आद्य इंडो-युरोपीय). शब्दाआधीचा तारा (*) सांगतो की हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून बांधलंय. त्यातून संस्कृत युगम्, ग्रीक झुगोन, लॅटिन युगुम, हित्ती युकान. जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन, जुनी गॉथिक वगैरे) मूळच्या ‘ग’चा नियमाने ‘क’ झाला, म्हणून गॉथिक युक, इंग्रजी योक.

संस्कृत ही या सगळ्यांची आई का नाही, ते एका छोट्या शब्दात दिसतं. ‘आणि’साठी लॅटिन ‘क्वे’, संस्कृत ‘च’. पण ‘कः’मध्ये (कोण) ‘क’ टिकला. कारण ‘क’नंतर मूळचा ‘ए’ किंवा ‘इ’ असेल तरच त्याचा ‘च’ होतो. पुढे संस्कृतात त्या ‘ए’चा ‘अ’ झाला. हरवलेला ‘ए’ लॅटिनने नेमका त्याच जागी परत आणला कुठून? तो तिच्याकडे मुळातूनच होता.

आणखी एक फसवं साम्य. लॅटिन ‘युगुम’ पुष्कळदा ‘जे’ अक्षराने छापतात, पण उच्चार ‘य’च. आपल्या ‘जू’तला ‘ज’ प्राकृतात आला: यव–जव, यात्रा–जत्रा, तसंच युग–जुअ–जू. जुवाचं ‘जोत’ही (बैल जुवाला बांधायचा पट्टा) त्याच ‘युज्’ (जोडणे) धातूचं, ‘योक्त्र’वरून आलेलं.