मोठी बॅटरी ठणठणीत, तरी गाडी रस्त्यात बंद

वापरलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: बॅटरी किती टक्के उरली आहे? प्रश्न रास्त आहे. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत असतो आणि मोबाइलच्या बॅटरीचं दोन-तीन वर्षांत काय होतं ते सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. त्यामुळे ‘पाच वर्षांत ईव्हीची बॅटरी बाद होते’ असा संदेश व्हॉट्सअॅपवर आला की तो पटकन खराही वाटतो. पण गाडीच्या बॅटरीचा थाट वेगळा आहे. तिला थंड ठेवायला द्रव फिरत असतो, प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर नजर असते, आणि वरची-खालची थोडी क्षमता चालकाला वापरूच दिली जात नाही. जिओटॅब या कंपनीने हजारो इलेक्ट्रिक वाहनांची आकडेवारी तपासून २०२४ साली जो निष्कर्ष काढला, त्यात क्षमतेची सरासरी घट वर्षाला सुमारे १.८ टक्के होती. म्हणजे पाच वर्षांनी नव्वद टक्के क्षमता शाबूत.

मग अशा गाड्या टो करून वर्कशॉपला न्यायची वेळ का येते? माझं म्हणणं असं की आपण चुकीच्या बॅटरीची चौकशी करतो. उदाहरण म्हणून ह्युंदाई आयोनिक ५ आणि किआ ईव्ही६ घेऊ. एकाच पायावर बांधलेल्या या दोन्ही गाड्या भारतात विकल्या गेल्या आहेत आणि आता सेकंडहँड बाजारातही दिसू लागल्या आहेत.

मार्च २०२४ मध्ये दक्षिण कोरियात ह्युंदाई आणि किआने मिळून सुमारे १ लाख ७० हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच महिन्यात अमेरिकेत ह्युंदाई आणि तिचाच महागडा ब्रँड जेनेसिस यांच्या ९८,८७८ गाड्यांचा रिकॉल निघाला. नोव्हेंबरमध्ये त्याची व्याप्ती १,४५,२३५ गाड्यांपर्यंत वाढली आणि किआच्या ६२,८७२ ईव्ही६ वेगळ्या. भारतात जून २०२४ मध्ये १,७४४ आयोनिक ५ आणि पाठोपाठ जुलैमध्ये १,१३८ ईव्ही६. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईव्ही६चा आणखी एक रिकॉल आला, १,३८० गाड्यांचा. या सगळ्यांत संशयित एकच: आयसीसीयू, म्हणजे इंटिग्रेटेड चार्जिंग कंट्रोल युनिट. आयोनिक ५ मध्ये ही पेटी मागच्या सीटखाली असते. आणि तिच्या बिघाडाने मरते ती मोठी बॅटरी नव्हे, तर बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी.

इथे वाचक थबकतो. भारतातल्या आयोनिक ५ मध्ये ७२.६ किलोवॉट-तासांची बॅटरी आहे. १८० सेल-जोड्या एकापुढे एक जोडून तिचं व्होल्टेज ६५३ पर्यंत नेलेलं आहे. एवढा साठा खाली असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवाचून गाडीचं अडावं कशासाठी? तिच्यात इंजिन नाही, त्यामुळे स्टार्टर मोटरही नाही.

कारण सुरक्षेचं आहे. मोठ्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना काँटॅक्टर असतात. काँटॅक्टर म्हणजे दणकट रिले. त्याच्या कॉइलमधून १२ व्होल्टचा प्रवाह वाहतोय तोवरच तो जोडलेला राहतो. प्रवाह थांबला की स्प्रिंग त्याला उघडते. अपघात झाला, वायर तुटली, अग्निशमन दलाच्या जवानाने ठरवून दिलेली तार कापली, तर ६५३ व्होल्ट बॅटरीच्या पेटीतच कोंडले जातात आणि गाडीचा पत्रा कापणाऱ्याचा जीव वाचतो. ही रचना मला फार आवडते. तिच्यात बिघाडाची दिशा आधीच ठरवून ठेवलेली आहे: काहीही बिनसलं तरी गाडीने निर्धोक बाजूलाच पडायचं. त्याची किंमत मात्र अशी की छोटी बॅटरी संपली की मोठी असून नसल्यासारखी. ब्रेकचा कंट्रोलर, पॉवर स्टिअरिंग, दिवे, दारांची कुलुपं, बॅटरीवर लक्ष ठेवणारा संगणक, सगळं याच १२ व्होल्टवर चालतं.

ही छोटी बॅटरी भरत ठेवण्याचं काम आयसीसीयूकडे असतं. पेटीत दोन यंत्रणा एकत्र आहेत. पहिली ऑन-बोर्ड चार्जर. घरच्या किंवा सोसायटीच्या चार्जरमधून येणाऱ्या एसी विजेचं डीसी करून ती मोठ्या बॅटरीत भरते. दुसरी एलडीसी, म्हणजे ६५३ व्होल्टचे साधारण १४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. पेट्रोलच्या गाडीत अल्टरनेटर जे करतो, तेच एलडीसी इथे करतो. आणि खरी गंमत याच भागात आहे.

डीसीचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने थेट उतरवता येत नाही. ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाह लागतो हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. म्हणून ६५३ व्होल्टच्या प्रवाहाचे आधी तुकडे पाडायचे. हे काम मॉसफेट नावाचे अर्धवाहक स्विच करतात, सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होऊन. तुकडे पडलेला प्रवाह छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून जातो, पलीकडे कमी व्होल्टेजचा होऊन निघतो आणि पुन्हा सरळ केला जातो. वारंवारता जितकी जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. म्हणून अख्खा चार्जर सीटखाली मावतो.

आता १४ व्होल्टच्या बाजूचा विचार करा. दिवे, पंखे, स्टिअरिंग आणि उतरलेली बॅटरी यांनी मिळून १०० अँपिअर मागितले, तर तेवढा प्रवाह त्या बाजूच्या स्विचमधून जाणार आणि प्रत्येक फेरीत तो तोडावा लागणार. तांब्याच्या कुठल्याही पट्टीला थोडं का होईना, प्रेरकत्व असतं. प्रेरकत्वाचा स्वभाव प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा, आणि तो विरोध व्होल्टेजच्या रूपाने उमटतो: प्रेरकत्व गुणिले प्रवाहबदलाचा वेग. मांडणीपुरते आकडे घेऊ. पट्टीचं प्रेरकत्व फक्त २० नॅनोहेन्री, आणि १०० अँपिअर ५० नॅनोसेकंदांत शून्यावर आले. प्रवाहबदलाचा वेग झाला सेकंदाला २ अब्ज अँपिअर. त्याला २० नॅनोहेन्रीने गुणलं की येतात ४० व्होल्ट. म्हणजे ज्या वाटेवर १४ व्होल्ट अपेक्षित आहेत तिथे क्षणभर ४० व्होल्टचा जादा फटका. डिझाइन करणारे हे ओळखून असतात. फटका शोषायला ते स्नबर लावतात, पट्ट्या आखूड ठेवतात आणि गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज सोसणारे मॉसफेट निवडतात. पण फटक्याची उंची शेवटी प्रवाहावर अवलंबून असते, आणि गाडी चालू होताना किंवा चार्जिंगला लागताना प्रवाह एकदम उसळला तर राखून ठेवलेलं अंतर घटतं.

दुसरा शत्रू तापमान. मॉसफेटची चिप सिलिकॉनची असते आणि ती सोल्डरने तांब्यावर बसवलेली असते. एक अंश तापमान वाढलं की सिलिकॉन दर दहा लाख भागांत अडीच-तीन भाग प्रसरण पावतं, तांबं सतरा भाग. दहा मिलिमीटर लांबी आणि ८० अंशांची चढ-उतार धरली, तर सिलिकॉन २ मायक्रोमीटर वाढतं आणि तांबं साडेतेरा. ही साडेअकरा मायक्रोमीटरची ओढाताण मधल्या सोल्डरने सोसायची. एकदा सोसतं, हजारदा सोसतं. पण लोखंडी तार पुढे-मागे वाकवत राहिलं की ती जशी अचानक तुटते, तसा सोल्डरलाही थकवा येऊन त्यात बारीक भेगा पडतात. भेगांमुळे चिपमधली उष्णता खाली नीट उतरत नाही, चिप आणखी तापते, पुढची ओढाताण आणखी वाढते. कॉफिन आणि मॅन्सन या अभियंत्यांनी १९५०च्या दशकात धातूंच्या या थकव्याचं सूत्र मांडलं. ते सोल्डरला लावलं, तर ढोबळमानाने तापमानाची चढ-उतार दुप्पट झाली की आयुष्य पाव होतं.

अमेरिकेतल्या वाहन सुरक्षा प्रशासनाला दिलेल्या माहितीत ह्युंदाईने हीच दोन कारणं नोंदवली आहेत: क्षणिक उच्च व्होल्टेज आणि तापमानाची आवर्तनं. रिकॉलमध्ये उपाय म्हणून सॉफ्टवेअर अपडेट करतात, आयसीसीयू तपासतात, आणि गरज पडली तर तो आणि त्याचा फ्यूज बदलतात. सॉफ्टवेअरने भेग बुजत नाही, हे ध्यानात ठेवा. त्याच्या हातात असतं ते प्रवाह हळू चढवणं, तापमान वाढलं की भार कमी करणं. म्हणजे उरलेलं आयुष्य जपून वापरणं.

यातून एक गोष्ट निघते जी सेकंडहँड बाजाराच्या समजुतीला छेद देते. ‘कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी’ हा हिशोब इथे जसाच्या तसा लागत नाही. आयसीसीयूला किलोमीटर कळत नाहीत; त्याला कळतात तापण्या-निवण्याच्या फेऱ्या. पुणे-नागपूर एका दमात गेलेल्या गाडीत अशा फेऱ्या मोजक्याच होतात. रोज चार ठिकाणी थांबणारी, रोज रात्री एसी चार्जरला लागणारी गाडी कमी अंतरात कितीतरी फेऱ्या पुऱ्या करते. डीलरच्या आवारात महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी तर आणखी वेगळी. तिथे १२ व्होल्टची बॅटरी पार उतरते, लेड-अॅसिड असेल तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात, आणि अशी अर्धमेली बॅटरी पुढे एलडीसीला वारंवार कामाला लावते. मागच्या मालकाने ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे वर्कशॉपवाले तपासणीचं यंत्र जोडतात त्या सॉकेटमध्ये, लावलेला ट्रॅकर तसाच राहून बंद गाडीतही १२ व्होल्टची बॅटरी खात असेल तर पाहायलाच नको.

एलडीसी गेला की गाडी लगेच थांबत नाही. पडद्यावर पॉवर सप्लाय तपासण्याची सूचना येते आणि वेग मर्यादित होतो. १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ५४० वॉट-तास असतात. रात्रीची वेळ, दिवे आणि पंखा चालू, भार ५०० वॉटचा, तर हिशोबाने जेमतेम तासभर मिळतो. व्होल्टेज पडू लागलं की कंट्रोलर त्याच्याही आधी मान टाकतात. सूचना दिसली की घाटात पुढचा टप्पा गाठायचा मोह टाळावा, उजेडाची आणि बाजूला घेता येईल अशी पहिली जागा पकडावी.

अशी गाडी दोनदा बंद पडली की ती अपशकुनी ठरते. नंबरप्लेटची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे भरणारी शिकलेली माणसं आहेत. तीच माणसं आरसीवरचा चॅसी नंबर अधिकृत वर्कशॉपला देऊन रिकॉलचं काम झालं का, हे विचारत नाहीत. याचा मला राग येतो, कारण रिकॉलची दुरुस्ती फुकट असते आणि गाडीत बायको-मुलं बसतात.

बाकीचे दोष साधे आहेत. रीजनरेशनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवत असल्यामुळे, ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून कोकणातल्या दमट हवेत डिस्क गंजलेल्या सापडतात. गाडी दोन टनांच्या आसपास, टॉर्क तत्काळ, त्यामुळे टायर लवकर झिजतात. बॅटरीच्या थंडाव्यासाठी कमी विद्युतवाहकतेचं खास कूलंट सांगितलेलं असेल, तर कोपऱ्यावरच्या गॅरेजने त्यात साधं हिरवं ओतलेलं नाही ना, एवढं बिलावरून पाहावं.

आयसीसीयूसाठी मात्र थोडा वेळ काढा. साधा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीवर १२.५ ते १२.८ दिसायला हवेत. गाडी ‘रेडी’ केली की काही सेकंदांत आकडा १४च्या आसपास चढला पाहिजे; बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर कधी १३ वर काहीतरी दिसेल. आकडा हललाच नाही, तर एलडीसी काम करत नाही. नंतर गाडी एसी चार्जरला लावून निदान तासभर चार्ज होऊ द्या. शोरूमवाले डीसी फास्ट चार्जरवर पाच मिनिटं दाखवून मोकळे होतात, पण डीसीची वीज ऑन-बोर्ड चार्जरला वळसा घालून थेट मोठ्या बॅटरीत जाते, त्यामुळे पेटीचा तो अर्धा भाग तपासलाच जात नाही. तासाभरात चार्जिंग मधेच तुटलं, किंवा चार्जरने देऊ केलेल्या वेगापेक्षा गाडी फारच कमी घेत राहिली, तर दुसऱ्या चार्जरवर पुन्हा बघा. तिथेही तसंच झालं तर दोष गाडीत आहे. आयसीसीयूची वॉरंटी किती वर्षं आणि नव्या मालकाला ती लागू होते का, हे विक्रेत्याच्या तोंडी न घेता कंपनीकडून लेखी घ्या. मोठ्या बॅटरीवरची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी या पेटीलाही आपोआप लागू होते असं धरून चालू नका.