इंग्रजीतील कालवाचक वाक्प्रचार

काळ आणि त्याचे सरणे सांगण्यासाठी रोजच्या इंग्रजीत रूढ झालेले शब्दसमूह. काळ दिसत नाही आणि हाती धरता येत नाही, म्हणून त्याच्याविषयी बोलताना प्रत्येक भाषा परिचयाच्या वस्तूंचा व क्रियांचा आधार घेते. इंग्रजीने हा आधार मुख्यतः पैसा, चाल, घंटा आणि बायबल यांतून घेतला आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी शेजारी शेजारी नांदणाऱ्या सोलापुरात यांपैकी अनेक प्रयोग गिरणी, रेल्वे आणि शाळा यांच्या वाटेने आले. त्यामुळे स्थानिक बोलण्याशी ताडून पाहिल्यावर त्यांची घडण अधिक स्पष्ट होते.

सर्वांत मोठा गट पैशाच्या व्यवहारातून आलेला आहे. इंग्रजीत वेळ 'स्पेंड' करतात, 'सेव्ह' करतात, 'वेस्ट' करतात, 'बाय' करतात. मरणाच्या दारातून परतलेला माणूस 'बॉरोड टाइम'वर, म्हणजे उसन्या वेळेवर, जगतो. 'टाइम इज मनी' हे वाक्य बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४८ मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला केलेल्या उपदेशातून सर्वतोमुखी झाले. हे प्रयोग म्हणजे सुटे अलंकार नसून वेळेला मोजता येणारा माल मानणाऱ्या एकाच विचाराची रूपे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉनसन यांनी १९८० मध्ये मांडले. ज्या शहरात पाळी, हजेरी आणि ओव्हरटाइम यांवर पगार ठरत आला, तिथे हा विचार कळायला कोणत्याही भाषांतराची गरज पडली नाही. तरीही मराठीची स्वतःची क्रियापदे वेगळी राहिली. मराठी माणूस वेळ घालवतो, काढतो, मारून नेतो आणि पाहुण्याकडे 'वेळात वेळ काढून' जातो. या शेवटच्या प्रयोगात खर्चाचा हिशेब नाही, वेळेच्याच पोटातून वेळ उपसण्याची कल्पना आहे.

घड्याळाचे शब्द अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहेत. तास सांगताना येणारा 'ओक्लॉक' हा 'ऑफ द क्लॉक' याचा संक्षेप असून त्याचा अर्थ 'घड्याळाप्रमाणे' असा आहे. सूर्यावरून सांगितलेल्या वेळेपासून ती वेगळी दाखवण्यासाठी हे शब्द जोडावे लागत. 'क्लॉक' हा शब्द स्वतः घंटेच्या मध्ययुगीन लॅटिन नावावरून आला आहे. मराठीतील 'किती वाजले?' या प्रश्नातही वेळ ऐकण्याचीच गोष्ट आहे, आणि ज्यांची सकाळ गिरणीच्या भोंग्याने सुरू होत असे त्या सोलापूरकरांच्या बाबतीत ती शब्दशः खरी होती. सूर्य आणि घड्याळ यांतील अंतर आजही मोजता येते: भारतीय प्रमाणवेळ, जी १९०६ पासून लागू झाली, ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असल्याने सोलापूरची सूर्यावरची वेळ घड्याळापेक्षा सरासरी सुमारे २६ मिनिटे मागे असते.

काळाच्या चालीविषयी इंग्रजीत दोन परस्परविरोधी चित्रे आहेत. एकात माणूस स्थिर असून काळ त्याच्याकडे येतो, दुसऱ्यात माणूस काळातून पुढे जातो. त्यामुळे बुधवारची बैठक दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली असे सांगितल्यास काही इंग्रजी भाषिक सोमवार समजतात, तर काही शुक्रवार. मराठीत 'बैठक पुढे ढकलली' म्हटले की शुक्रवारच ठरतो; उलट अर्थासाठी 'अलीकडे आणली' म्हणतात, आणि भारतीय इंग्रजीने त्यासाठी 'प्रीपोन' हा सोयीचा शब्द रूढ केला. मराठीची अडचण दुसरीकडे आहे. 'परवा' हा शब्द मागेही जातो आणि पुढेही, व दिशा क्रियापदावरूनच कळते. सोलापूरच्या तेलुगू भाषिक विणकराकडे मात्र 'मोन्न' आणि 'एल्लुंडि', तर कन्नड भाषिकाकडे 'मोन्ने' आणि 'नाडिद्दु' असे दोन दोन शब्द आहेत. इंग्रजीला दोन्ही दिशांसाठी अख्खा शब्दसमूह खर्ची घालावा लागतो.

भाषांतरात सर्वाधिक फसवा प्रयोग 'किल टाइम' हा होय. इंग्रजीत रिकामा बसलेला माणूस वेळेला मारतो. मराठीत 'काळ' म्हणजे मृत्यूही असल्यामुळे मारणारा तोच असतो आणि माणसावर घाला घालतो. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' हे वाक्य 'टाइम' या एकाच शब्दाने इंग्रजीत नेता येत नाही, कारण त्यातला सगळा अर्थ दोन शब्दांतील भेदावर उभा आहे. 'टाइमपास' हा शब्द इंग्रजी दिसत असला तरी भारतातच घडलेला आहे.

काही प्रयोग मूळ माहीत नसल्याने चुकीचे समजले जातात. 'इलेव्हन्थ अवर' म्हणजे रात्रीचे अकरा नव्हेत. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सूर्योदयापासून मोजलेला, सूर्यास्ताला एकच तास उरला असतानाचा तो अकरावा तास आहे. 'टाइम अँड टाइड' यातील 'टाइड' चा जुना अर्थ भरती नसून समय असाच होता. 'फोर्टनाइट' मध्ये चौदा रात्री मोजल्या आहेत, तर आपल्या पंधरवड्यात पंधरा दिवस. 'अ स्टिच इन टाइम सेव्ज नाइन' यात वाचतात ते नऊ टाके, आणि हे गणवेश शिवणाऱ्या या शहरातील कारागिराला समजावून सांगावे लागत नाही.

शहराबाहेर पडताच घड्याळाची सत्ता सैल होते. तांबडं फुटायला, दिवेलागणीला, दिस मावळायला अशा खुणांनी कामे ठरतात; सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर किंवा आषाढीच्या आधी, असे वर्षाचे वायदे होतात. 'दिवस कासराभर वर आला' या प्रयोगात आकाशातील सूर्याची उंची बैलाच्या दोराने मोजली आहे. इंग्रजी अनुवादात तिथे घड्याळातला तास घातला की वेळ कळते, पण बैल, दोर आणि हात कपाळाला लावून वर पाहणारा शेतकरी, हे सगळे त्या वाक्यातून निघून जातात.