मॅमिलेरिया आणि रिब्यूशिया : फूल नेमके कुठून येते?

रोपवाटिकेत छोट्याशा कुंडीत बसलेला, लिंबाएवढा गोल आणि अंगाभोवती फुलांचा गजरा ल्यालेला काटेरी निवडुंग दिसला, की तो मॅमिलेरिया आहे की रिब्यूशिया, याची सहसा कोणी चौकशी करत नाही. दोन्ही खऱ्या निवडुंग कुळातल्या, दोन्ही बुटक्या, आणि दोन्हींच्या अंगावर ठळक उभ्या धारांऐवजी सर्पिल ओळींत मांडलेले बारीक उंचवटे असतात. त्यामुळे फूल नसताना जाणकारही क्षणभर थबकतो. आपल्या उन्हाळ्यात मात्र हा फरक रोपाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तो विकत घेण्यापूर्वीच ओळखलेला बरा.

ओळखीची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे फूल उगवते ती जागा. मॅमिलेरियाचा एक उंचवटा भिंगाखाली धरून पाहावा. टोकावर एक इवलीशी गादी आणि तिच्यातून चहूबाजूंनी फाकलेले काटे दिसतात, पण तिथे कळी धरत नाही. कळी धरते ती दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यात, बहुधा गेल्या हंगामातल्या वाढीवर, आणि म्हणूनच फुलांचे कडे शेंड्याच्या जरा खाली बसते. काट्यांची जागा वेगळी आणि फुलांची वेगळी, ही वाटणी मला या प्रजातीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. रिब्यूशियात ती नाही. तिथे काटे ज्या गादीतून येतात तिच्यातूनच कळीही फुटते, आणि तीही बहुधा बुडाजवळच्या जुन्या गाद्यांतून, त्यामुळे फुले मातीला टेकल्यासारखी दिसतात.

आकार आणि रंग ही दुय्यम खूण होय. मॅमिलेरियाची फुले बहुधा एक-दोन सेंटीमीटरची, गुलाबी किंवा दुधी असतात, तर रिब्यूशियाची तीन-चार सेंटीमीटरची, लाल, नारिंगी वा पिवळी. पण मॅमिलेरियाच्याही काही जातींना मोठी फुले येतात, तेव्हा केवळ यावर विसंबू नये. मॅमिलेरियाच्या काही जातींना जखम झाली की पांढरा चीक येतो, आणि त्यावरून पुष्कळ जण तिला आपल्या त्रिधारी निवडुंगाच्या नात्यातली समजतात. तो मात्र युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला आहे.

नावेही निरनिराळ्या वाटेने आली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्थ यांनी 1812 मध्ये मॅमिलेरिया हे नाव दिले ते उंचवट्यांवरून, कारण लॅटिनमध्ये ‘मॅमिला’ म्हणजे स्तनाग्र. रिब्यूशिया हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शूमान यांनी 1895 मध्ये पिएर रेबू या फ्रेंच निवडुंग-उत्पादकाच्या नावावरून ठेवले.

लागवडीचा सगळा भेद मायभूमीत आहे. मॅमिलेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशातल्या आहेत, तर रिब्यूशिया बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनातल्या अँडीज पर्वतातली, जिथे दिवसा ऊन कडक असले तरी रात्री गार असतात. तिला भरपूर फुलण्यासाठी थंड आणि कोरडा हिवाळा लागतो; रात्रीही न निवणाऱ्या उन्हाळ्यात ती मलूल होते आणि लाल कोळी ही बारीक कीड तिच्यावर चटकन पडते. म्हणून सोलापूर-नागपूरच्या गच्चीसाठी मी निःसंकोचपणे मॅमिलेरियाच सुचवेन; रिब्यूशियाचा हट्ट असेलच, तर तिला दुपारच्या उन्हापासून आडोसा आणि खेळती हवा द्यावी.

माती दोन्हींना सारखीच चालते: भरड वाळू आणि विटांचा चुरा मिळून निम्म्याहून अधिक, उरलेले कुजलेले खत आणि माती, आणि तळाला भोक असलेली मातीची कुंडी. पाणी माती पूर्ण सुकल्यावरच द्यावे आणि थंडीत जवळजवळ बंद ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली हलवाव्यात, कारण बुंधा एकदा मऊ पडून पिवळा झाला की रोप क्वचितच वाचते.

फुलांनंतरही ओळख पटवता येते. मॅमिलेरियाचे फळ काही महिने आतच दडून राहते आणि मग अचानक बेचक्यातून लवंगी मिरचीसारखे लालबुंद, गुळगुळीत बाहेर येते. रिब्यूशियाचे फळ लहान आणि गोलसर असते, बुडाशीच वाळून फुटते. तिच्या बऱ्याच जाती स्वतःच्याच परागाने बी धरतात, त्यामुळे कधी कधी आईच्या पायाशी कुंडीतच मोहरीएवढी रोपे उगवलेली सापडतात.