परसातली वेधशाळा: आधी खड्डा, मग दुर्बीण

घरी वेधशाळा बांधायचीय असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, टेलिस्कोप केवढा घेताय? सहा इंची, आठ इंची, की एकदम चौदा? (इंच म्हणजे आरशाचा किंवा भिंगाचा व्यास.) मग त्यावर तासभर चर्चा, आणि खड्डा किती खोल घेणार हे मात्र कुणीच विचारत नाही. माझं मत विचाराल तर पैसे मर्यादित असतील (आणि ते असतातच) तर टेलिस्कोप दोन इंच लहान घ्या आणि वाचलेले पैसे जमिनीत आणि छपरात घाला.

कारण साधं आहे. चांगल्या माउंटवरचा (टेलिस्कोप धरून फिरवणारा सांगाडा) आठ इंची टेलिस्कोप म्हणजे तोल राखणाऱ्या वजनांसकट तीस-चाळीस किलोचा संसार. तो बाहेर काढा, स्टँड लेव्हल करा, ध्रुवाकडे रोखा, केबली जोडा, आरसा हवेच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, यात तास कुठे जातो कळत नाही आणि तोवर ढग येतात. मग हळूहळू "उद्या बघू" सुरू होतं आणि टेलिस्कोप कपाटाच्या मागे जातो. वेधशाळा म्हणजे ही सगळी जुळवाजुळव एकदाच करून कायमची जागेवर ठेवणं, बस. छप्पर सरकवलं, स्विच दाबला, पाच मिनिटांत गुरू डोळ्यासमोर. गोल घुमट वगैरे हौसेचा भाग.

छपराशिवायही काम होतं म्हणा. विल्यम हर्शेल नावाच्या संगीतकाराने 13 मार्च 1781 ला इंग्लंडमधल्या बाथ शहरात, घरामागच्या बागेत उभं राहून, स्वतः घासलेल्या आरशाच्या साधारण सहा इंची दुर्बिणीतून युरेनस शोधला. पण त्याच्या बागेत आपला जुलै नव्हता.

आता खड्डा. टेलिस्कोप 200 पट मोठं दाखवतो तेव्हा हादराही 200 पट मोठा दाखवतो, हे कागदावर वाचून पटत नाही. शनी बघताना मागून कुणीतरी एक पाय उचलून दुसऱ्यावर वजन टाकलं की कडी नाचायला लागतात, तेव्हा पटतं. म्हणून टेलिस्कोप ज्या खांबावर बसतो (त्याला सगळे पिअरच म्हणतात) तो खोलीच्या फरशीला कुठेही चिकटता कामा नये. तीन फूट बाय तीन फूट बाय तीन फूट खड्डा काँक्रीटने भरला तर जवळजवळ पावणेदोन टनांचा ठोकळा होतो, त्यातून सळया वर काढून खांब उभा करायचा, किंवा फाउंडेशन बोल्ट सोडून त्यावर जाड लोखंडी पाइप बसवायचा आणि पाइपात कोरडी वाळू भरायची, म्हणजे तो घंटेसारखा वाजत नाही. फरशीचा कोबा करताना खांबाभोवती इंचभर थर्माकोलची पट्टी ठेवायची. इथे मिस्त्रीवर लक्ष ठेवा. तुम्ही चहा आणायला गेलात की तो ती फट प्रेमाने सिमेंटने बुजवून टाकेल, कारण आयुष्यभर फटी बुजवण्याचेच पैसे त्याला मिळालेत.

परदेशी पुस्तकांत खड्ड्याची खोली जमीन किती खोल गोठते त्यावरून ठरवतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही, पण देशावर त्याहून वाईट प्रकार आहे, काळी माती. पावसात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीत नुसता ठोकळा ठेवला तर तो वर्षभर हळूहळू कलत राहणार. एक मीटर उंचीच्या पिअरचा माथा फक्त एक मिलीमीटर सरकला तरी टेलिस्कोपचा अक्ष साधारण साडेतीन आर्कमिनिटांनी (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकतो, म्हणजे दिवाळीत सेट केलेलं सगळं पुढच्या दिवाळीत परत करायचं. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं, मग तो तीन फुटांवर लागो की सहा.

हा अक्ष म्हणजे काय ते सांगतो. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला 15 अंश सरकताना दिसतं, म्हणजे सेकंदाला 15 आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग). 200 पट मोठं करणाऱ्या साध्या आयपीसमधून (डोळा लावायचं भिंग) साधारण पाव अंश आकाश दिसतं, त्यामुळे मोटर बंद असेल तर ग्रह एका कडेने आत येतो आणि मिनिटभरात दुसऱ्या कडेने बाहेर जातो. हे थांबवायला माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात आणि त्याभोवती टेलिस्कोप उलट दिशेने त्याच वेगाने फिरवतात. समांतर म्हणजे ध्रुवाकडे, आणि पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर आहे! उत्तरेला शेजाऱ्याचं दुमजली घर किंवा एखादं आंब्याचं झाड असलं की ध्रुवतारा गेला. शिवाय युरोप-अमेरिका डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या माउंटना एवढं खाली झुकणं जड जातं, वजनाचा दांडा पिअरवर आपटतो, त्यामुळे विकत घेण्याआधी किमान किती अक्षांशाला चालतो ते कॅटलॉगमध्ये बघून घ्या.

ध्रुवतारा दिसला तरी तो खऱ्या ध्रुवावर नाहीच, साधारण 0.6 अंश बाजूला आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही थोडा जास्त. म्हणून कायमच्या पिअरवर ड्रिफ्टची, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघायची पद्धत वापरतात आणि तिला ध्रुवतारा लागतच नाही. हिवाळ्यात मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी मिंटाका घ्या, तो खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) अगदी चिकटून आहे. तो डोक्यावरून दक्षिणोत्तर रेषेवर आला की क्रॉस असलेल्या आयपीसमध्ये मधोमध आणायचा, मोटर चालू ठेवायची आणि नुसतं बघत बसायचं. तारा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकायला लागला तर अक्ष डावी-उजवीकडे चुकलाय, बोल्ट किंचित फिरवायचा, परत बघायचं. नंतर पूर्वेला खाली असलेला एखादा तारा घेऊन हाच खेळ, त्याने अक्षाची उंची दुरुस्त होते. पहिल्यांदा दोन रात्री सहज जातात, कंटाळवाणं काम आहे, पण हे एकदा नीट झालं की मग पाच-पाच मिनिटांचे फोटोसुद्धा बिनधास्त काढता येतात. आता हे करून देणारी सॉफ्टवेअर आलीत, कॅमेरा लावा आणि ती सांगतात कुठला बोल्ट किती फिरवायचा. तरी एकदा हाताने करून बघाच, पृथ्वी फिरतेय हे डोळ्यांना दिसतं.

छपराबद्दल माझं मत पक्कं आहे, आपल्याकडे सरकतं छप्पर. घुमटाने वारा आणि शेजारचा दिवा अडतो हे खरं, पण तो महाग, फटीतून आकाशाचा एकच तुकडा दिसणार आणि आतली गरम हवा त्याच फटीतून बाहेर पडणार, नेमकी टेलिस्कोपच्या तोंडासमोरून. सरकत्या छपराचं सामान तर गावात मिळतं: कंपाउंडच्या सरकत्या गेटला जी खाच असलेली चाकं लावतात तीच, खाली उलटा वेल्ड केलेला अँगल, आणि बाहेर छप्पर उभं राहायला दोन खांब. गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला पाच मिनिटांत कळतं. त्याला फक्त दोन गोष्टी बजावून सांगा. पत्रा भिंतीच्या बाहेर फूटभर आणि खालीही उतरलेला हवा, कारण आपला पाऊस आडवा येतो. आणि छप्पर बंद असताना भिंतीला घट्ट अडकवणारे क्लॅम्प हवेत, नाहीतर एप्रिल-मेच्या वळवाच्या वादळात ते शेजारच्या शेतात सापडेल.

दक्षिणेची भिंत जमेल तेवढी कमी उंचीची ठेवा, किंवा तिचा वरचा भाग बिजागरीवर खाली पडेल असा करा. दक्षिण आकाश ही आपली श्रीमंती आहे. ओमेगा सेंटॉरी हा सगळ्यात तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ पुण्यातून 24 अंश वर येतो, लंडनवाल्यांना तो उगवतच नाही. अगस्त्य जवळजवळ 19 अंशांवर. पाच फुटी भिंतीमागे हे दोन्ही घालवायचे म्हणजे पाप आहे.

गच्चीवर वेधशाळा नको का? जागा नसेल तर गच्चीच, पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, ती हवा वर चढताना हलते आणि ग्रह पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. गवतावर किंवा मातीवर हा त्रास खूप कमी. परसात असाल तर भोवती फरसबंदी करू नका, भिंती पांढऱ्या ठेवा, आणि अंधार पडायच्या तासभर आधी छप्पर उघडा.

मग उरतो ओलावा, आणि महाराष्ट्रात टेलिस्कोप खराब होतो तो बहुतेक यानेच. एक दव. भिंग उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतं, आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि त्यावर पाणी धरतं, त्याला कडेने हीटरची पट्टी गुंडाळली की काम होतं, फार तापवायचं नाही, ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या एखाद-दोन अंश वर. दुसरी बुरशी, ती जास्त वाईट, काचेवरचं कोटिंग खाते आणि मग पुसून जात नाही. जून ते सप्टेंबर आयपीस आणि कॅमेरे घरात, हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. जागेवर राहणाऱ्या टेलिस्कोपसाठी जुनी युक्ती म्हणजे कव्हरखाली कमी वॅटचा बल्ब चालू ठेवायचा. 26 अंशाची 90 टक्के आर्द्रतेची हवा फक्त चार अंशांनी गरम केली तर आर्द्रता 71 टक्क्यांच्या आसपास येते, पाणी तेवढंच राहतं पण बुरशीला ते मिळत नाही. कोकणात समुद्राजवळ असाल तर लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस वापरा, खारी हवा गेटच्या चाकांना दोन वर्षांत जाम करते. आणि गांधीलमाश्या! बंद छपराखाली त्यांना फार आवडतं, ऑक्टोबरात पहिल्यांदा उघडताना टॉर्च मारून कोपरे बघा.

शहराच्या उजेडाचं रडगाणं मी गात नाही. ज्यांना खरा अंधार हवा त्यांच्यासाठी नागपूरकडे पेंच आहे, जानेवारी 2024 मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. पण ग्रह, चंद्र, जोडतारे, रूपविकारी तारे (ज्यांचा उजेड कमी-जास्त होतो ते) यांना शहर चालतं. अर्जेंटिनातल्या रोसारियो या भल्यामोठ्या शहरात व्हिक्टर बुसो हा कुलुपं-किल्ल्यांचं काम करणारा माणूस घराच्या छपरावर वेधशाळा बांधून बसला होता. 20 सप्टेंबर 2016 च्या रात्री नवा कॅमेरा तपासायला म्हणून त्याने डोक्यावर आलेली एनजीसी 613 ही दीर्घिका 16 इंची टेलिस्कोपमध्ये धरली आणि फोटो काढत गेला, आणि मध्येच एक ठिपका दिसायला लागला जो आधीच्या फोटोंत नव्हता. ताऱ्याचा स्फोट होऊन पहिला उजेड बाहेर पडतानाचा तो क्षण होता. 2018 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यावर पेपर आला, त्यात त्याचंही नाव आहे. नशीब म्हणा, पण टेलिस्कोप जागेवर तयार होता म्हणून नशिबाला संधी मिळाली.

आणि नशिबाशिवायचं उदाहरण हवं असेल तर आपल्या उपखंडातलंच आहे, आता बांगलादेशात असलेल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र. ट्रेझरीत कारकुनी करायचे, रात्री रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता मोजायचे आणि नोंदी अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या संस्थेला पाठवायचे. संस्थेने 1926 मध्ये त्यांना सहा इंची टेलिस्कोप पाठवून दिला, आणि त्यांच्या नोंदी पुढे 37 हजारांवर गेल्या. ती संस्था आजही कुणाच्याही नोंदी घेते, डिग्री विचारत नाही. आपल्या रेखांशावर निरीक्षक कमी आहेत, आणि डिसेंबर-जानेवारीत युरोप ढगाखाली असतो तेव्हा आपलं आकाश स्वच्छ असतं. सुरुवात तिमिंगलातल्या मीरापासून करा: साधारण 332 दिवसांत तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी होऊन परत मावळतो आणि त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा) अंदाजायला कॅमेरासुद्धा लागत नाही, शेजारचे दोन तारे आणि त्यांच्या प्रती माहीत असल्या की झालं.