ड्रमाआडचा तोल

नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे एका मैदानावर पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्या एकमेकांवर झाडायचा खेळ, चालतो. आडोसा म्हणून द्राक्षबागेत औषध कालवायला असतात तसे २०० लिटरचे निळे ड्रम, एकावर एक दोन. उंची पावणेदोन मीटर, रुंदी मात्र साधारण ५८ सेंटिमीटर. मोठ्या माणसाचे खांदे ४५ सेंटिमीटरच्या आसपास धरले, तर दोन्ही अंगांना चार बोटंही जागा उरत नाही. उंच आडोसा मिळाला म्हणून माझी भाची निर्धास्त उभी राहिली आणि पहिली गोळी फुटली ती तिच्या बाहेर आलेल्या कोपरावर.

जिलेटिनच्या आवरणाची ही गोळी जेमतेम ३ ग्रॅमची. सेकंदाला ८५ मीटर वेगानं सुटली, तर हवेचा विरोध धरूनही २० मीटरवर सुमारे ०.३ सेकंदात पोचते. डोळ्यांनी पाहून अंग हलायला लागेपर्यंतच ०.२ सेकंद जातात. म्हणजे झुकतानाच परतीची सोय हवी.

ती सोय गुरुत्वमध्यात, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूत आहे. तो दोन पावलांमधल्या जागेच्या वर आहे तोवर अंग मागे खेचता येतं. तो बाहेर गेला की सावरायला पाऊल टाकावंच लागतं आणि ते पडतं नेमकं उघड्यावर. घरी करून बघा. पाय जुळवून, डावं पाऊल आणि डावी कंबर भिंतीला टेकवून उजवीकडे वाका. लगेच झोक जातो, कारण एरवी डोकं उजवीकडे गेलं की कंबर आपसूक डावीकडे सरकते. इथे भिंत तिला सरकू देत नाही. म्हणून आडोशामागे पाय थोडे फाकवायचे, ज्या बाजूनं डोकवायचं तो गुडघा वाकवायचा आणि कंबर मोकळी ठेवायची.

ड्रमाला चिकटूनही उभं राहू नये. जुन्या नाशकातल्या बोळात भिंतीला घासून स्कूटर वळवली की समोरचा एकदम अंगावर येतो, तसंच हे. ड्रमाची कड २० सेंटिमीटरवर असेल, तर डोकं १० सेंटिमीटर बाहेर काढताच तब्बल २७ अंशांचं मैदान उघडं पडतं, आणि तेवढ्या साऱ्यांना आपणही दिसतो. तीच कड ८० सेंटिमीटरवर असेल तर जेमतेम ७ अंश. एका वेळी एकच गडी समोर येतो. फार मागे गेलात तर मात्र बाजूचा गडी टिपतो.

डाव्या कडेनं डोकावताना मार्कर, म्हणजे गोळ्या झाडायची बंदूक, डाव्या खांद्याला लावायचा. उजव्याच खांद्याला ठेवला तर नेम धरायला अर्धी छाती बाहेर काढावी लागते. भाची आता घरी दाराच्या चौकटीआड हात बदलायचा सराव करते, कोपरं बरगड्यांना चिकटवून.