मेगनच्या मागे उभं असलेलं ह्यूस्टन

२०२१च्या ग्रॅमी सोहळ्यात ‘सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार’ म्हणून मेगन दी स्टॅलियनचं नाव पुकारलं गेलं. रॅप करणाऱ्या स्त्रीला हा मान त्याआधी मिळाला होता तो १९९९ साली, लॉरिन हिलला. मेगन २६ वर्षांची होती. नवोदित खरी, पण तिच्या आवाजामागचं शहर, अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन, तीसहून अधिक वर्षं रॅप करत होतं.

ऐंशीच्या दशकात रॅप म्हणजे न्यूयॉर्क आणि पाठोपाठ लॉस एंजेलिस. दक्षिणेकडच्या पोरांना तिथे कुणी विचारत नसे. मग ह्यूस्टनमध्ये जेम्स प्रिन्स यांनी रॅप-अ-लॉट रेकॉर्ड्स ही घरचीच कंपनी काढली. तिथल्या ‘गेटो बॉइज’ या रॅप गटाचा १९९०चा अल्बम बाजारात न्यायला गेफेन या बड्या कंपनीनं नकार दिला, पुढच्याच वर्षी या गटाचं गाणं देशभर वाजलं. त्यांच्यातला रॅपर स्कारफेस शहराच्या दक्षिण भागातला. मेगनही त्याच भागातल्या साउथ पार्क वस्तीत वाढली.

नव्वदच्या दशकात डीजे स्क्रूनं शहराला स्वतःचा ताल दिला. तो रेकॉर्डचा वेग उतरवायचा, शब्द कापून पुन्हा पुन्हा वाजवायचा. गाणं जड, संथ, गाडीत ऐकावं असं व्हायचं. त्याच्या कॅसेट थेट घरून विकल्या जायच्या आणि त्यासाठी दाराशी गर्दी व्हायची. २००० साली तो गेला, तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. या माणसाला हयातीत मिळालेली दाद मला फार अपुरी वाटते.

ऑगस्ट १९९५मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या सोर्स या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कारांत दक्षिणेतल्या अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ या रॅप जोडीची हुर्यो उडवली गेली. साउथकडेही सांगण्यासारखं आहे, असं जोडीतल्या आंद्रे ३०००नं त्याच मंचावरून ठणकावलं. मेगन तेव्हा सहा महिन्यांचीही नव्हती.

तिच्या घरात मात्र रॅप आधीच आलं होतं. आई होली थॉमस ‘हॉली-वूड’ नावानं रॅप करायची आणि लहानग्या मेगनला स्टुडिओत सोबत न्यायची. मुलीनं मोठेपणी आपलं लिखाण ऐकवलं, तेव्हा शब्द फार धीट आहेत, एकवीस वर्षांची होईपर्यंत थांब, असं आईनं बजावलं. पुढे तीच तिची मॅनेजर झाली. त्या धीटपणाची वाट न्यू ऑर्लिन्सची मिया एक्स, मेम्फिसची गँगस्टा बू, मायामीची ट्रिना यांनी आधीच मोकळी केली होती, पण तिघींपैकी कुणालाही एवढा मोठा मंच मिळाला नाही.

२०१८च्या ‘टीना स्नो’ या तिच्या संग्रहाचं नाव टेक्सासमधल्याच पोर्ट आर्थरच्या पिंप सी या रॅपरच्या ‘टोनी स्नो’ या टोपणनावावरून घेतलेलं. नाव मोठं होत असतानाच, मार्च २०१९मध्ये आई मेंदूतल्या गाठीनं गेली. वर्षभरानं ह्यूस्टनच्याच बियॉन्सेसोबतचं ‘सॅवेज’ बिलबोर्डच्या अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. टेक्सास सदर्न विद्यापीठातलं शिक्षणही तिनं सोडलं नाही. डिसेंबर २०२१मध्ये पदवी घेतली.

घरच्या कंपन्यांच्या परंपरेत सगळंच गोड नव्हतं. ज्या स्थानिक कंपनीनं तिला पहिली संधी दिली, तिच्याविरुद्ध कराराच्या अटींवरून मेगन २०२०मध्ये कोर्टात गेली. ऑक्टोबर २०२३मध्ये समेट झाला. त्यानंतर तिनं गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि वॉर्नर म्युझिकशी फक्त वितरणापुरता करार केला.